एम्बिगन, थोरावणे आणि पतंजलीचा चंद्र

प्रश्न असा आला आहे: "'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेच्या एका भागात 'एम्बिगन' आणि 'क्रॉम्युलंट' असे दोन बनावट शब्द येतात. बनावट असूनही 'एम्बिगन' कोशात कसा गेला? 'क्रॉम्युलंट' म्हणजे उत्कृष्ट ना? आणि 'एम्बिगन'ला मराठीत 'बृहत्तरीकरण करणे' म्हटले तर चालेल का?"

शेवटच्याचे उत्तर आधी देतो: नाही चालणार. 'बृहत्तर' म्हणजे 'त्याहून मोठा'. कुणाहून, ते सांगायला नको? पण साध्या क्रियापदाची लाज वाटणाऱ्यांची संख्या हल्ली फार झाली आहे. ही मंडळी रस्ता रुंद करत नाहीत, त्याचे 'रुंदीकरण' हाती घेतात. ज्ञान वाढवत नाहीत, 'वृद्धिंगत करतात'. वृद्धिम् अधिक गत, म्हणजे वाढीला गेलेला. जो आपल्या पायांनी वाढीला गेला, त्याला तुम्ही आणखी काय करणार? कीर्ती वृद्धिंगत होते, तिला कुणी वृद्धिंगत करत नाही. 'रुंदीकरणा'बद्दल मात्र मला थोडे प्रेम आहे. ते का, हे पुढे येईल.

आता 'क्रॉम्युलंट'. 'उत्कृष्ट' हा अर्थ साफ चूक, आणि तो इतक्यांदा कानावर पडतो की आता नुसते ऐकूनच डोके उठते. प्रसंग पाहा. 18 फेब्रुवारी 1996 रोजी फॉक्स वाहिनीवर सातव्या पर्वातला 'लिसा द आयकॉनोक्लास्ट' हा भाग दाखवला गेला. स्प्रिंगफील्ड गावाची द्विशताब्दी चालू आहे. शाळेत मुलांना गावाचा संस्थापक जेबेडाया स्प्रिंगफील्ड याच्यावरची फिल्म दाखवतात, त्यात त्याचे ब्रीद येते: 'अ नोबल स्पिरिट एम्बिगन्स द स्मॉलेस्ट मॅन', म्हणजे उदात्त मन लहानातल्या लहान माणसालाही मोठे करते. एडना क्रॅबॅपल ही शिक्षिका म्हणते, स्प्रिंगफील्डला येईपर्यंत हा 'एम्बिगन' शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्यावर दुसरी शिक्षिका, मिस हूवर, म्हणते की कमाल आहे, अगदी क्रॉम्युलंट शब्द आहे तो! खोट्या शब्दाच्या बाजूने साक्ष द्यायला दुसरा खोटा शब्द उभा केला आहे, गंमत एवढीच. तिथे 'उत्कृष्ट' घालून पाहा, गंमत मेली. बाईंना म्हणायचे आहे की शब्द रीतसर आहे, रास्त आहे, त्यात वावगे काही नाही.

उत्कृष्टवाल्यांचा सगळा आधार त्याच भागातल्या एका पुढच्या वाक्यावर आहे. लिसाचा बाप होमर दवंडीवाल्याची भूमिका करून दाखवतो आणि मुख्याध्यापक स्किनर म्हणतात की याने आपल्या क्रॉम्युलंट कामगिरीने ती भूमिका एम्बिगन केली. इथे स्तुती दिसते, म्हणून शब्दही स्तुतीचा, असा तर्क. अहो, त्याच वाक्यात स्तुतीचा सगळा भार 'एम्बिगन' वाहतो आहे! कामगिरी रास्त असली तरी भूमिका मोठी होऊ शकते. राहता राहिले '-युलंट'. लॅटिनमधला हा '-उलेंतुस' म्हणजे 'ने भरलेला': ऑप्युलंट, कॉर्प्युलंट, फ्रॉड्युलंट. त्या न्यायाने क्रॉम्युलंट म्हणजे 'क्रोम'ने भरलेला, आणि असा 'क्रोम' लॅटिनात नाही. शेपूट खरे, धड खोटे. म्हणूनच शब्द ऐकताक्षणी पटतो.

हे दोन्ही शब्द मागणीनुसार बनवलेले. मालिकेची धुरा तेव्हा सांभाळणारे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांनी लेखकांना सांगितले की खरे वाटतील असे दोन शब्द द्या. डॅन ग्रीनी यांनी 'एम्बिगन' दिला आणि डेव्हिड कोहेन यांनी 'क्रॉम्युलंट'. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशकारांनी 2018 साली 'एम्बिगन' कोशात घेतला. त्याआधी, 2007 साली, भौतिकशास्त्रातल्या स्ट्रिंग थिअरीच्या एका शोधनिबंधातही तो येऊन गेला होता. लोक वापरतात म्हणून कोशात जातो; कोशात गेला म्हणून लोक वापरतात असे नव्हे. हा क्रम उलटा धरून 'कोशात नाही म्हणजे शब्दच नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. होमरचा 'डोह' (आपला पाण्याचा नव्हे) 2001 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला. पटकथेत तर तो शब्दही नसायचा, 'वैतागाचा हुंकार' अशी नुसती सूचना असायची.

पण 'एम्बिगन' 1996 साली जन्मला, हे सगळीकडे छापले जाते तेही अपुरे आहे. लंडनच्या 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात 1884 साली सी. ए. वॉर्ड नावाच्या गृहस्थांनी तो आधीच घडवला होता. हे नियतकालिक म्हणजे वाचकांच्या शंका आणि वाचकांचीच उत्तरे, म्हणजे आपण इथे करतो तोच उद्योग. वॉर्ड म्हणतात की रानटी क्रियापदे सगळ्याच भाषांत असतात, आणि दाखला देतात बायबलातल्या ग्रीक नव्या कराराचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5, ओवी 13: लोकांनी प्रेषितांना 'एमेगालुनेन', मोठे केले. या ग्रीक क्रियापदाइतकाच कुरूप इंग्रजी प्रतिशब्द बनवायचा तर 'एम्बिगन' बनवावा लागेल, असे ते म्हणतात आणि वर जोडतात की शेवटी वापर हेच जवळजवळ सर्वस्व. ग्रीनी यांनी वॉर्ड वाचला असेल असे मला मुळीच वाटत नाही. 'एम्बोल्डन' आणि 'एन्लायटन' ज्या भाषेत आहेत, तिथे 'बिग'च्या दोन्ही अंगांना तेच प्रत्यय लावायला दोन माणसांनी एकमेकांना भेटावे लागत नाही. ('एन'चा 'एम' का झाला असे विचारू नका. 'संबंध'मधला अनुस्वार मोठ्याने म्हणून पाहा.)

आता मला जे सांगायचे आहे ते. ग्रीक 'मेगालुनो' हे 'मेगास'पासून, आणि 'मेगास' म्हणजे आपल्या 'महत्'चा सख्खा भाऊ. हेच क्रियापद लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया हिच्या स्तोत्राच्या आरंभी येते. मराठी बायबलात तिथे काय आहे? 'माझा जीव प्रभूला थोर मानतो.' थोर! वॉर्डने ज्या शब्दासाठी इंग्रजीत हात टेकले, त्याला मराठी भाषांतरकाराने एका फटक्यात जो शब्द लावला तो हा.

आणि 'थोर' हा मुळात सज्जनपणाचा शब्दच नव्हे. तो अंगाचा शब्द आहे. जाड, दांडगा, आकाराने मोठा. 'थोराड' या शब्दात ते अंग अजून शिल्लक आहे; वयापेक्षा दांडग्या दिसणाऱ्या पोराला थोराड म्हणतात, त्याच्या चारित्र्याची चौकशी कुणी करत नाही. पुढे आकाराचा अर्थ वयाकडे सरकला आणि 'थोरला' झाला. वयावरून मानाकडे गेला आणि थोर पुरुष झाले. 'लहानथोर' या जोडशब्दात तो अजूनही 'लहान'च्या समोर उभा आहे. तुकोबांचे 'ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार' घ्या: हत्ती अंगाने थोर, मानानेही थोर, आणि मार दोन्ही थोरवींचा. स्प्रिंगफील्डच्या ब्रीदात 'नोबल' आणि 'बिग' असे दोन शब्द लागले. आमच्याकडे दोन्ही कामे एकटा 'थोर' करतो.

व्युत्पत्तीवरून मात्र भांडण आहे आणि ते मी टाळणार नाही. जैन पंडित हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'स्थूले लो रः' असे सूत्र देऊन 'स्थूल'चा ल काढला, र बसवला आणि 'थोर' मोकळा केला. हेमचंद्र मोठा माणूस, पण हा व्यवहार कारकुनी आहे. ऋग्वेदात 'स्थूर' हा शब्द रकारासह हजर असताना आधी ल आणायचा आणि मग त्याचा र करायचा, हा उपद्व्याप कशाला? 'स्थूर'पासून 'थोर' सरळ येतो, 'स्थूल' हे त्याचेच दुसरे रूप. दुसरी एक टोळी 'थोर' हा 'स्थविर' म्हणजे वृद्ध, यापासून आला असे सांगते, वय आणि मान दोन्ही जुळतात म्हणून. अर्थ जुळला की ध्वनींकडे पाहायचेच नाही, ही जुनी खोड. 'स्थविर'चा पालीत 'थेर' झाला आणि मराठीत त्याच थेराचा 'थेरडा' झाला. थोरला आणि थेरडा एकाच आईची मुले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आपल्या घरातल्या थोरल्या मंडळींसमोर बोलून पाहावे.

आता 'रुंदीकरण'. पाणिनीच्या 5.4.50 या सूत्रात 'च्वि' नावाचा प्रत्यय आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे झाले किंवा केले, एवढेच तो सांगतो. वैयाकरण याला 'अभूततद्भाव' म्हणतात. मजा अशी की या प्रत्ययाची सगळी अक्षरे लोप पावतात, काहीही उरत नाही. फक्त मागचा अकार ईकार होतो आणि प्रत्यय येऊन गेल्याची खूण राहते. शुक्ल, शुक्लीकरण. 'रुंद' हा देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द, त्याला पाणिनीची ही शेपटी जोडून मराठीने 'रुंदीकरण' केले आणि ते पालिकेच्या फलकावर लागले, तेव्हा कुणी हूं की चूं केले नाही. हा आपला 'एम्बिगन'च आहे. म्हणून प्रेम.

'महत्'ला च्वि लावला तर? इथे पाणिनीच्या व्याकरणावर 'महाभाष्य' लिहिणारा पतंजली येतो. 6.3.46 या सूत्राने समासात 'महत्'चा 'महा' होतो: महापुरुष, महाराज, आणि सावरकरांनी घडवलेला महापौरही. मग जो चंद्र आधी मोठा नव्हता आणि आता मोठा झाला, त्याला 'महाभूत' म्हणायचे का? महाभाष्याचे उत्तर: नाही, 'महद्भूतश्चन्द्रमाः', म्हणजे मोठा झालेला चंद्र. महापुरुषाचा मोठेपणा मुख्य आहे, या चंद्राचा गौण आहे, आणि 'महा' हे रूप फक्त मुख्याला मिळते. (वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले आहे. ज्यांना संस्कृत जड जाते त्यांनाही सबब नाही.) प्रत्यय पूर्ण अदृश्य, ईकारसुद्धा नाही. तो येऊन गेला हे ओळखायचे कशावरून? तर 'महा' व्हायला हवे होते आणि झाले नाही, यावरून!

हे डोक्यात ठेवून तो भाग पुन्हा पाहा. लिसाला जेबेडायाच्या बासरीत दडवलेला कबुलीजबाब सापडतो. गावाचा संस्थापक म्हणजे खरे तर हान्स स्प्रंगफील्ड नावाचा समुद्री चाचा, ज्याने जॉर्ज वॉशिंग्टनवर हल्ला केला होता. ज्या माणसाच्या तोंडी 'एम्बिगन' घातला आहे, तो स्वतःच गावाने दोनशे वर्षे एम्बिगन केलेला माणूस. लिसा अखेरीस हे गावाला सांगत नाही, कारण त्या दंतकथेने गावाचे भलेच झालेले तिला दिसते. टीकाकार या भागावर इतिहास आणि मिथक यांबद्दल पानेच्या पाने लिहितात. वैयाकरणाला एका शब्दात उरकता येते: जेबेडाया महापुरुष नव्हे, महद्भूत आहे.

मराठी क्रियापद राहिलेच. 'थोरावणे' आहे ना! नवे काही घडवण्याची गरज नाही. उंच-उंचावणे, रुंद-रुंदावणे, मंद-मंदावणे, तसे थोर-थोरावणे. आक्षेप येईल की ते अकर्मक आहे, मोठे होणे असा अर्थ आहे, मोठे करणे असा नाही. मग 'उंचावणे' पाहा. दर्जा उंचावतो आणि आपण हातही उंचावतो. 'दुखावणे' पाहा. मी दुखावलो आणि त्याने मला दुखावले. 'सुखावणे'चेही तेच. '-आवणे' या क्रियापदांना दोन्ही दारे उघडी असताना 'थोरावणे'च्याच एका दाराला कुलूप कुणी लावले? 'थोर मन लहानातल्या लहान माणसालाही थोरावते.' ऐकायला किंचित विचित्र वाटते, आणि तसेच वाटायला हवे. एडना क्रॅबॅपललाही वाटले होते.

जुन्या गद्यात किंवा पोथीत 'अमक्याने तमक्याला थोरावले' असा सकर्मक प्रयोग कुणाला सापडला, तर पान आणि ओळीसह जरूर कळवावा. स्थविरवाल्यांनी मात्र आधी 'थेरडा'चा हिशेब द्यावा आणि मगच पत्र लिहावे.