मार खाणाऱ्या नायकाविषयी

प्रिय विद्यार्थिमित्रा,

हाँगकाँगच्या कुंग-फू विनोदपटांवर दीर्घ निबंध लिहावासा वाटतो, पण विषय उथळ ठरेल अशी धास्ती आहे, असे तू कळवले आहेस. विषय बदलू नकोस. मात्र हे चित्रपट मजेशीर असतात, एवढे सांगून भागणार नाही. हसू नेमके कोठून येते, ते तुला दाखवता आले पाहिजे.

माझ्या मते ते नायकाच्या दुखण्यातून येते. १९७३ साली ब्रूस ली गेल्यावर त्याच्यासारखे दिसणारे आणि ओरडणारे नट उभे करण्याची तिकडे लाटच आली. त्या अजिंक्य नायकाला १९७८ साली जॅकी चॅनने बाजूला सारले. युएन वू-पिंग यांच्या दिग्दर्शनाखालील 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' या चित्रपटांत त्याने भरपूर मार खाल्ला. ठोसा लगावल्यावर ब्रूस लीचा चेहरा अधिकच कठोर होतो. जॅकी मात्र स्वतःचाच हात झटकत कळवळतो, आणि त्याच क्षणी प्रेक्षक त्याचा होतो.

हे नुसते वेडेवाकडे तोंड करून साधत नाही. जॅकी चॅन आणि त्याचे सहनट सॅमो हुंग व युएन बियाओ हे तिघेही यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या, शाळेत वाढले. तेथे कोलांट्या, शस्त्रे, गायन आणि अभिनय यांचे शिक्षण एकत्रच मिळे, त्यामुळे त्यांच्या मारामारीतून विनोद वेगळा काढताच येत नाही. सॅमो हुंगचे स्थूल शरीर ज्या चपळाईने उलटी उडी घेते, ती पाहताना आपण चकितही होतो आणि हसतोही. (त्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते, ही माझी जुनी तक्रार आहे.)

'प्रोजेक्ट ए' (१९८३) मधला घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसंग बारकाईने पाहा. १९२३ सालच्या मूकपटात हॅरोल्ड लॉइड घड्याळाच्या काट्याला लोंबकळला होता. जॅकी लोंबकळतो आणि खाली पडतो. दोन कापडी छपरे फाडत तो जमिनीवर आदळतो, आणि दिग्दर्शक म्हणून तो ही पडझड आपल्याला दोनदा दाखवतो. पहिल्या वेळी छातीत धस्स होते. दुसऱ्या वेळी काय होणार हे ठाऊक असल्यामुळे शरीर कसे वळते, छप्पर कसे फाटते, याकडे लक्ष जाते. चित्रपटाच्या शेवटी फसलेले प्रसंग आणि दुखापती दाखवण्याची त्याची पद्धत मला कधीकधी जाहिरातबाजी वाटते, पण आपण पाहिले ते खरोखर घडले, ही खात्री त्यातूनच पटते, हे नाकारता येत नाही.

अशी एखादी मारामारी आधी आवाज बंद करून पाहा. प्रत्येक झटापटीनंतर क्षणभराचा थांबा येतो. तो कोठे येतो आणि हसू त्याच्या आधी फुटते की नंतर, याची टिपणे काढ. 'फर्स्ट स्ट्राइक' (१९९६) मधली शिडीची मारामारी यासाठी उत्तम आहे, कारण तेथे एकच वस्तू कधी ढाल होते तर कधी हत्यार.

त्यानंतरच नट-दिग्दर्शक स्टीफन चाउच्या 'कुंग फू हसल'कडे (२००४) वळ. तेथे संगणकाच्या साहाय्याने शरीरे व्यंगचित्रासारखी धावतात आणि फेकली जातात, कोणालाच खरे लागत नाही, तरीही आपण हसतो. वर मांडलेले माझे मत तेथे अपुरे पडते. तेव्हा निबंधाचा सर्वांत मोठा भाग त्या चित्रपटासाठी राखून ठेव आणि तोच कच्चा खर्डा मला आधी पाठव.

अनेक आशीर्वाद.