मुऱ्हाळी कोण येणार?

प्रश्न : अक्का, नमस्कार. मी अमळनेरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वय 33. कॉलेजपासून सात वर्षं एकाच मुलावर जीव लावला. जात वेगळी होती, पण ‘घरच्यांचं मी बघतो’ असं तो म्हणायचा. चार वर्षांपूर्वी त्याने मामाच्या ओळखीतल्या मुलीशी लग्न केलं. मला कळलं ते दुसऱ्याच कुणाच्या स्टेटसवर हळदीचे फोटो बघून. आता तो नाशिकला असतो. माझ्या वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला त्याचा मेसेज मात्र येतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणी माहेरी आल्या. लिंबाला झोका बांधला, घरोघरी सांजोऱ्या झाल्या. मी वरच्या खोलीत बसून होते. मी राहतेच माहेरी, मला सासरहून घ्यायला मुऱ्हाळी कोण येणार? मावशी म्हणते, ‘पोरी, आते कितला दिन वाट दखशी?’ पत्रिकेत मंगळ नसताना तिने मला तीन मंगळवार मंगळग्रहाच्या मंदिरात नेलं. वहिनी काही बोलत नाही, पण परवा माझ्या खोलीच्या खिडकीचं माप घेत होती.

आता पारोळ्याचं एक स्थळ आलंय. 40 वर्षांचे, बिजवर. पहिलीशी फारकत झाली आहे म्हणतात. माणूस वाईट वाटला नाही, पण आतून काही हललंही नाही. खऱ्या प्रेमाची आशा ठेवू, की वय बघून हो म्हणू?

— नाव छापू नये, अमळनेर

उत्तर : बाई, सगळं पत्र एकीकडे आणि ते रात्री बाराचं वाक्य एकीकडे. ‘मेसेज मात्र येतो.’ त्या ‘मात्र’वर माझं बोट अडकलं. तू खऱ्या प्रेमाची वाट बघते आहेस असं तुला वाटतंय. मला वाटतं, तू अजून त्याचीच वाट बघते आहेस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा साखरपुडा 1987 साली मोडला. मुलाकडच्यांनी सुपारी फुटल्यावर स्कूटर मागितली. वडिलांकडे त्या साली कपाशीचेच पैसे हातात आले नव्हते. हुंडा घेणं 1961 पासून गुन्हा आहे हे शाळेत शिकवणारी मी, घरात तोंड उघडू शकले नाही. मुलगा मला म्हणाला होता, मी पत्र लिहितो. दोन वर्षं रोज दुपारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या फाटकाशी उभी राहायचे. शेवटी शेवटी पोस्टमन सायकलवरून उतरायचाही नाही, लांबूनच मान हलवायचा. त्या दोन वर्षांत एक चांगलं स्थळ आलं होतं. त्या माणसाचा चेहरासुद्धा मला आठवत नाही, कारण मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

म्हणून आधी त्याचा नंबर ब्लॉक कर. शिव्या नकोत, शेवटचं मोठं पत्र नको. त्याची बायको त्या रात्री शेजारीच झोपलेली असते, याचाही एकदा विचार कर. जो माणूस 364 दिवस गप्प बसून एका रात्री आठवण काढतो, त्याला तू सुखी व्हावीस असं वाटत नसतं. आपली जागा अजून राखून ठेवली आहे ना, एवढंच तो बघून जातो. (असे पुरुष रेल्वेच्या डब्यातही भेटतात. रुमाल टाकून जातात.)

आता आशेचं. मला माझं माणूस 39व्या वर्षी भेटलं. शाळेच्या भरीत पार्टीत, जानेवारीत, एका मळ्यात. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, सोलली, बडगीत ठेचली, कळण्याच्या पुऱ्या तळल्या, आणि रिवाजाप्रमाणे पुरुषांची पंगत आधी बसली. नवीन बदलून आलेले गणिताचे सर तेवढे बसले नाहीत. ‘तुम्ही सकाळपासून धुरात आहात, आधी बसा, मी वाढतो’ म्हणाले आणि भरिताचं भांडं हातात घेतलं. वाढताना माझ्या ताटात निम्मं आणि साडीवर निम्मं. मेंदीरंगी साडी होती, तेलाचा डाग आजही आहे. आतून काय हललं म्हणशील, तर काहीच नाही. साडीचा राग आला. हलायला पुढं आठ महिने गेले. ते विधुर होते, एक मुलगा होता. आमच्या लग्नाला 11 माणसं होती आणि माझ्याच मावशीने ‘या वयात कशाला’ म्हणून येणं टाळलं.

म्हणजे पारोळ्याच्या माणसाला हो म्हण, असं मी सांगतेय का? नाही. पोहे-चहाच्या वीस मिनिटांत सहा माणसं समोर बसलेली असताना कुणाच्या आत काय हलणार? त्याला दोन-तीनदा बाहेर भेट. तो वेटरशी कसा बोलतो ते बघ. पहिल्या बायकोबद्दल काय बोलतो ते त्याहून नीट ऐक. सगळा दोष तिच्यावर टाकत असेल तर उठून ये. तिसऱ्या भेटीनंतरही त्याला काही सांगावंसं वाटलं नाही, दिवसभरात त्याची आठवणच झाली नाही, तर नाही म्हण. 33 वय हे हो म्हणायचं कारण होत नाही.

वहिनीला पडद्याचं माप घेऊ दे. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भांडू नकोस, पण कुणाच्या उपकारावर राहत असल्यासारखं जिना चढत जाऊ नकोस. आखाजीला खाली उतरायचं होतंस. लिंबाचा झोका सासुरवाशिणींच्या नावावर चढवलेला नाही.

एक गोष्ट मला खटकली. ‘फारकत झाली आहे म्हणतात.’ म्हणतात म्हणजे काय? आपल्याकडे पंचांसमोर, नाहीतर नोटरीकडे लिहून घेतात आणि त्यालाच फारकत समजतात. काही समाजांतली रूढीची काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. एरवी हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. दोघांच्या संमतीने असेल तर 13-ब कलमाखाली अर्ज, मग सहा महिन्यांची मुदत. ती मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं आहे. हुकूमनामा नसेल, तशी रूढीही सिद्ध होत नसेल आणि पहिली बायको हयात असेल, तर तुझं लग्न कायद्याने लग्नच ठरणार नाही, मग माणूस कितीही गोड असो.

तेव्हा पहिल्या नाही, तर दुसऱ्या भेटीत हुकूमनाम्याची प्रत माग. लाजू नकोस. पतसंस्थेत कर्जाला आलेल्या माणसाकडे सातबारा मागतेसच की.