जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डचे पार्ट नवे घ्यावेत, जुने शोधावेत की असलेलेच दुरुस्त करावेत?

तुमची गाडी १९७८ ची पद्मिनी, आजोबांनी घेतलेली. मीटर बंद, डॅशबोर्डवरचं रेक्झिन तडकलेलं, दोन नॉब गायब, आणि गॅरेजवाला म्हणतो, "सगळं काढून नवा सेट टाकू." माझं उत्तर स्पष्ट आहे: सेट घेऊ नका. आपल्याच गाडीचा जो भाग वाचवता येईल तो वाचवा, जो वाचणार नाही त्याच्या जागी त्याच काळातला जुना शोधा, आणि नवं फक्त तिथे घाला जिथून करंट वाहतो. वायर, फ्यूज, होल्डर, बल्ब यांत जुनेपणाचं प्रेम नको. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वायरवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, आणि डॅशबोर्डमागे शॉर्ट झालं तर गाडी पेटते.

सेट नको म्हणण्याचं कारण म्हणजे या गाडीचा वंश लांब आहे. १९६४ च्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. बाहेरून गाडी तीच वाटते, पण इतक्या वर्षांत स्विच, नॉब, मीटरची छपाई, प्लास्टिकचा दर्जा बदलत गेला. बाजारात "पद्मिनीचा पार्ट" म्हणून मिळणारी वस्तू बहुतेक वेळा शेवटच्या वर्षांतली किंवा टॅक्सीतून निघालेली असते. ती बसेल, पण १९७८ च्या गाडीत बसवली की जाणकाराला लगेच खटकेल. म्हणून काहीही विकत घेण्याआधी आपल्या वर्षाच्या, हात न लागलेल्या दोन-तीन गाड्या प्रत्यक्ष बघा आणि डॅशबोर्डचे जवळून फोटो काढा. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत मालक मंडळी आनंदाने दार उघडून दाखवतात.

मीटरचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. स्पीडोमीटर बंद असेल तर आधी केबल तपासा. गिअरबॉक्सकडून येणारी ही केबल तुटलेली किंवा सुकलेली असते आणि दोष मीटरला लागतो. केबल नवी घालताना ग्रीस मोजकंच लावा, वरच्या टोकाला जवळपास नाहीच, नाहीतर ते चढून मीटरमध्ये शिरतं. आत एक चुंबक फिरतो आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी बारीक स्प्रिंगविरुद्ध वळते. त्या वाटीला चिकटपणा आला की काटा अडकतो. दुसऱ्या गाडीचं मीटर आणून बसवणं सोपं वाटतं, पण प्रत्येक मीटर केबलचे ठरावीक फेरे म्हणजे एक किलोमीटर अशा हिशोबाने बनलेलं असतं. हिशोब वेगळा असेल तर काटा हलेल, वेग मात्र खोटा दाखवेल.

पेट्रोलच्या काट्याचंही असंच आहे. टाकीतला फ्लोट (पेट्रोलबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) आणि डॅशबोर्डवरचा काटा एकमेकांच्या जोडीचे असतात. एक बदलून दुसरा भलत्याच गाडीचा ठेवलात तर अर्ध्या टाकीला रिकामी दाखवेल. मीटर फेकण्याआधी इलेक्ट्रिशियनला टाकीजवळची फ्लोटची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवायला सांगा. काटा एका टोकाला गेला तर मीटर जिवंत आहे, बिघाड फ्लोटमध्ये आहे. डायलच्या छपाईला थिनर किंवा ओला कपडा लागू देऊ नका; अक्षरं कायमची पुसली जातात. आणि मीटरवाला किलोमीटर शून्य करून देऊ का विचारेल, तर नाही म्हणा. आजोबांनी चालवलेले किलोमीटर आहेत ते, तसेच राहू द्या.

डॅशबोर्डचा पत्रा रंगवायचा असेल तर मूळ छटा उन्हात विटलेल्या भागावरून ठरवू नका. मीटर काढल्यावर त्यामागची कड किंवा ग्लोव्ह बॉक्सची आतली बाजू बघा. ऊन न लागलेला खरा रंग तिथे सापडतो. रंगवून झाल्यावर दिवे, काटे चालेनासे झाले, असं हमखास होतं. कारण अर्थिंग पत्र्यातून मिळत असतं आणि नव्या रंगाचा थर ते तोडतो. स्क्रूच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा ठेवायला पेंटरला आधीच बजावा.

चकचकीत भाग क्रोमला देताना ते कशाचे आहेत ते बघा. मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव पार्ट आतून खड्डे पडलेले असतील तर प्लेटिंगवाला बफ मारत बसतो आणि उठावाची अक्षरं झिजवून टाकतो. थोडे डाग असलेला मूळ पार्ट मला अशा गुळगुळीत झालेल्या पार्टपेक्षा कधीही आवडेल. रेक्झिनसाठी कुशनवाल्याकडे जुना तुकडा घेऊन जा, दाणा जुळवून मगच कापड घ्या. वरून चिकटवायची तयार कव्हरं टाळा. खाली ओल धरते आणि पत्रा सडतो.

नॉबसाठी पुण्यात नाना पेठेतली स्पेअरची दुकानं आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार इथे फिरा. फोनवर विचारू नका, उरलेला नॉब खिशात घेऊन जा. भोकाचा आकार आणि आतला आटा जुळला पाहिजे. रंगात थोडा फरक असला तर चालतो. आणि जुना पार्ट, तुटका का असेना, नवा बसून चालू होईपर्यंत गॅरेजमध्ये सोडू नका. नमुना गेला की शोधायचं काय हेच कळत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावून फोटो घ्या. मीटर बाहेर निघालं की पुढून आणि मागून असे दोन्ही फोटो इथे टाका. ते तुमच्या गाडीचंच आहे की मधे कोणी बदललंय ते बघून सांगतो.