ॲनिमेशनपटात प्रकाश आणि रंग नेमके काय काम करतात?

पात्रांची रेखाटने आणि हालचाल उत्तम असेल, तर प्रकाश आणि रंग ही केवळ शेवटी चढवलेली सजावट नव्हे का, असे आपण विचारले आहे. मी ॲनिमेशनसाठी पार्श्वचित्रे रंगवतो आणि माझ्या अनुभवात गोष्ट नेमकी उलटी आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणात ऊन, आभाळ आणि भिंतीचा रंग निदान काही प्रमाणात आयते मिळतात. ॲनिमेशनच्या चौकटीत मात्र कोणीतरी ठरवून रंगवल्याखेरीज कवडशाचा एक ठिपकाही पडत नाही. त्यामुळे प्रेक्षकाने आधी कुठे पाहावे आणि पाहताना त्याला काय वाटावे, हे बऱ्याच अंशी प्रकाशच ठरवतो.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण म्हणजे डिस्नेचा १९४२ सालचा ‘बांबी’. या चित्रपटासाठी सुरुवातीला काढलेली जंगलाची चित्रे इतकी तपशीलवार होती की पानापानांच्या त्या गर्दीत हरणेच दिसेनाशी होत. चीनमध्ये जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले टायरस वाँग तेव्हा स्टुडिओत दोन मुख्य रेखाटनांमधली रेखाटने भरण्याचे कष्टाचे काम करत होते. सोंग राजवटीच्या काळातील चिनी निसर्गचित्रांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. त्यांनी जंगलाची जी छोटी चित्रे करून दाखवली, त्यांत झाडे मोजून काढलेली नव्हती. हरीण जिथे उभे असेल तिथे उजेड आणि थोडा तपशील, आणि कडांकडे जावे तसे सारे धुक्यात विरत गेलेले, अशी त्यांची रचना होती. पुढे सबंध चित्रपटाने हीच दृष्टी स्वीकारली. बांबी या पाडसाच्या आईच्या मृत्यूनंतरचा प्रसंग पाहा: बर्फ दाट होत जातो, चौकटीतला रंग जवळजवळ संपतो, आणि त्या निळसर करड्या पडद्यामागून वडिलांची गडद आकृती उभी राहते. मृत्यू प्रत्यक्ष दाखवलेलाच नाही, तरीही पोटात गोळा येतो, आणि त्याचे मोठे श्रेय मी त्या विझलेल्या रंगांना देतो.

रंगाचे काम एका दृश्यापुरते नसते. आज बहुतेक मोठ्या स्टुडिओंमध्ये ‘कलर स्क्रिप्ट’ करतात, म्हणजे सगळी कथा लहान लहान रंगचित्रांच्या ओळीत मांडून, कोणत्या टप्प्यावर रंग भरून येईल आणि कुठे ओसरेल हे आधीच ठरवतात. पिक्सारच्या ‘अप’ (२००९) मध्ये पत्नी एलीच्या मृत्यूनंतर नायक कार्लचे जग फिके पडते. पुढे फुग्यांसह त्याचे घर उडते, तेव्हा वाटेतल्या एका लहान मुलीच्या खोलीत फुग्यांतून गाळून आलेला रंगीत उजेड क्षणभर पसरतो. आधीची फिकट दृश्ये नसती, तर तो उजेड आपल्याला इतका भिडला नसता.

कारागिरीची एक बाब सांगण्याचा मोह आवरत नाही. सेलवर, म्हणजे पात्रे रंगवण्याच्या पातळ पारदर्शक पत्रकांवर, काम चालण्याच्या काळात एकावर एक तीन-चार सेल ठेवले की खालच्या थरातील रंग किंचित मंदावत असे. म्हणून एकाच पात्राचा तोच रंग, सेल कितव्या थरावर येणार हे पाहून, थोडा वेगळा मिसळावा लागे. पडद्यावर सलग दिसणाऱ्या लाल सदऱ्यामागे अशी दोन-तीन निरनिराळी मिश्रणे असू शकत.

आपण स्वतः शिकत असाल, तर रंगाच्या आधी उजेड-अंधाराची पातळी, म्हणजे टोन, सांभाळा. सुरुवातीच्या दिवसांत मी संध्याकाळच्या अंगणाचे एक दृश्य रंगवले होते. केशरी आकाश, जांभळी सावली, तुळशीवृंदावनाजवळ उभी असलेली आजी. रंग मनासारखे जमले होते, पण पडद्यावर आजीचा चेहरा काही केल्या सापडेना. आमच्या ज्येष्ठ चित्रकारांनी काही न बोलता चित्र कृष्णधवल करून समोर ठेवले. चेहरा आणि मागची भिंत एकाच करड्या छटेची निघाली. केशरी आणि गव्हाळ रंगांतला फरक मला दिसत होता, पण दोघांचा उजळपणा सारखाच होता. मी एकाही रंगाची जात बदलली नाही. फक्त भिंत दोन पायऱ्या गडद केली आणि वृंदावनातल्या पणतीचा उजेड आजीच्या गालाच्या कडेवर आणला. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य लावले, तेव्हा नजर थेट तिच्या चेहऱ्यावर गेली.