काळ्या मुखवट्यातली बाई

प्रश्न : एका जुन्या युरोपीय छापचित्रात बाईने डोळ्यांभोवती काळा मुखवटा लावलाय, हात फरमध्ये खुपसलेत. ती चोरून कुठे निघालीय का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही हो ताई, ती लंडनच्या थंडीत उभी आहे! वर्णनावरून हे छापचित्रकार होलारचं १६४३चं ‘हिवाळा’ हे चित्र वाटतं; मागे कॉर्नहिलचा रस्ता दिसतो का पाहा. होलार मूळचा प्रागचा. तेव्हा घरंदाज बायका ऊन-वाऱ्यापासून कांती जपायला असे मुखवटे लावत. आपल्या कॉलेज रोडवर भर दुपारी स्कूटीवरच्या मुली स्कार्फने नुसते डोळे उघडे ठेवतात ना, मला तर तीच काळजी दिसते. चित्राखालच्या ओळीही म्हणतात की ही फर थंडीमुळे, क्रौर्यापोटी नव्हे.

मात्र ती फर भिंगाखाली बघाच. असं छापचित्र करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्ल. आम्ल रेघेपुरतंच तांबं खातं. माझं बालपण तांबट आळीजवळ गेलं, तांब्यावर ठोके पडताना रोज ऐकलेत. त्याच कठीण धातूतून इतका मऊ केस उमटतो, हे पाहून आजही माझा हात भिंगावरून हलत नाही.