कुत्र्याला सारख्या गोचीड आणि पिसवा होतात, औषध लावूनही परत येतात, काय करू?

परत येतात कारण पिसवांची अंडी अंगावर राहतच नाहीत, गळून गादीत, चटईत, फटीत पडतात आणि तिथेच वाढतात, त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कानाकोपरे व्हॅक्यूम करा. औषध, म्हणजे मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी, व्हेटला विचारून वजनाप्रमाणेच घ्या आणि तारीख चुकवू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं (कुत्र्यांच्या काही गोचीड-पिसवांच्या औषधांत असणारं कीटकनाशक) काहीही आणू नका प्लीज, मांजराच्या जिवावर बेततं.

फिरून आलं की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, रॉकेल वगैरे तर अजिबात नको. नंतर ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या, गोचीडताप अंगावर काढायची गोष्ट नाही.

डासांमुळे हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारे जंत, होतात, म्हणून संध्याकाळी कुत्र्याला आत घ्या आणि हार्टवर्मच्या गोळीचंही व्हेटला विचारून ठेवा. माणसांचं डासांचं क्रीम मात्र लावू नका, चाटतात ती.