दुखणे इंग्रजीत सांगताना

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला काही महिने राहायला जायचे आहे. तेथील डॉक्टरांना डोकेदुखी, पित्त, जुलाब अशी किरकोळ दुखणी नेमकी कशी सांगावीत?

उत्तर : ‘माय हेड इज पेनिंग’ असे न म्हणता ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणावे, ताप तीन दिवसांपासून असेल, तर ‘सिन्स थ्री डेज’ऐवजी ‘फॉर थ्री डेज’ हवे. आपल्या दवाखान्यांत रुळलेले ‘लूज मोशन’ तिकडे सहसा कोणी म्हणत नाही, तेथे ‘डायरिया’ म्हणतात. खरी अडचण पित्ताची आहे, कारण छातीतली जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, ठणकणारे डोके, इतकेच काय, अंगावर उठणाऱ्या गांधीसुद्धा आपण या एकाच नावाखाली घालतो. म्हणून ‘बाइल’ हा कोशातला प्रतिशब्द न वापरता प्रत्यक्ष जे होते तेच सांगावे, म्हणजे जळजळीला ‘हार्टबर्न’, मळमळीला ‘आय फील सिक’ आणि गांधींना ‘हाइव्ह्ज’. ‘आय वॉज सिक’ म्हटले, तर मात्र ब्रिटिश माणूस बहुधा उलटी झाली असे समजेल. शिवाय नावात ‘हार्ट’ असले, तरी ‘हार्टबर्न’चा हृदयाशी संबंध नाही, छातीत दडपण किंवा कळ असेल, तर तो शब्द चुकूनही वापरू नये, सरळ ‘चेस्ट पेन’ म्हणावे.